गोल कुठून सुरू होतो?

आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत धम्म, शिक्षण आणि समाजकार्य यांविषयीचे लेख असावेत, हे स्वाभाविकच आहे. त्यांच्या रांगेत फुटबॉलवरचा लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. मैंदर्गी हे सीमेवरचे गाव. येथे मराठी आणि कानडी एकाच कट्ट्यावर बोलल्या जातात आणि त्या कट्ट्यावर खेळाचा विषय निघालाच तर तो कबड्डीचा, कुस्तीचा किंवा क्रिकेटचा असतो. फुटबॉल आपल्याकडे आला तो मुख्यतः दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून आणि पुढे मोबाइलवरून. तरीही आज पुण्या-मुंबईत नोकरीला असलेला एखादा माजी विद्यार्थी सुटीत शाळेत येतो, तेव्हा वसतिगृहातील मुलांशी त्याचे बोलणे 'प्रेसिंग', 'बिल्ड-अप', 'हाय लाइन' अशा शब्दांत रंगते आणि शेजारी बसलेल्या पालकांना ते सारे परके वाटते.

शब्द परके असले, तरी त्यांमागील विचार परका नाही. आपल्या संघाने गोल का खाल्ला, चढाई कोठे अडली, कोण कोठे उभा राहायला हवा होता, याविषयी चाहते तासन्‌तास वाद घालतात. हा वाद नीट घातला, तर तो कार्यकारणाचा विचार करण्याचा एक चांगला सराव ठरतो. नीट न घातल्यास तो एखाद्या खेळाडूवर खापर फोडून संपतो. या दोहोंतील अंतर स्पष्ट करणे, हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आधी खेळाची रचना समजून घेऊ.

पावणेदोन एकर आणि अकरा माणसे

मोठ्या सामन्यांचे फुटबॉल मैदान साधारणपणे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. त्याचे क्षेत्रफळ ७,१४० चौरस मीटर, म्हणजे आपल्या मोजणीने सुमारे सत्तर गुंठे किंवा पावणेदोन एकर. गोलरक्षक वगळला, तर एवढे रान राखायला दहा जण उरतात. प्रत्येकाच्या वाट्याला सात गुंठे येतात. कबड्डीशी तुलना केली, तर फरक ध्यानात येईल. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते; त्याच्या अर्ध्या भागात सात जण बचाव करतात. तेथे एकाच्या वाट्याला नऊ-दहा चौरस मीटर जागा येते, तर फुटबॉलमध्ये सातशे. सात गुंठ्यांत एकट्याने कोणाला अडवायचे म्हटले, तर धावून धावून ऊर फुटेल आणि चेंडू मिळणार नाही.

दुसरा हिशेब वेळेचा आहे. सामना ९० मिनिटांचा असला, तरी चेंडू बाहेर जाणे, फाउल, दुखापती यांत बराच वेळ जातो आणि प्रत्यक्ष खेळ पंचावन्न ते साठ मिनिटे चालतो. ती मिनिटे बावीस खेळाडूंत वाटली, तर एकेकाच्या पायाशी चेंडू सरासरी अडीच-पावणेतीन मिनिटेच असतो. उरलेला सारा वेळ प्रत्येक खेळाडू चेंडूशिवाय मैदानावर असतो. त्या वेळात त्याने कोठे उभे राहावे, कोणाकडे पाहावे, केव्हा धावावे आणि केव्हा धावू नये, या प्रश्नांच्या उत्तरांना डावपेच म्हणतात. आपली नजर मात्र चेंडूबरोबर फिरते आणि कॅमेराही चेंडूमागेच धावतो. त्यामुळे खेळाचा मोठा भाग पाहूनही आपल्याला तो दिसत नाही.

बांधणी : मोकळ्या माणसाचा शोध

'बिल्ड-अप' म्हणजे चढाईची बांधणी. चेंडू आपल्या गोलरक्षकाकडे असताना त्याने तो दूर उडवायचा की जवळच्या सहकाऱ्याकडे सरकवायचा, या निवडीपासून ती सुरू होते. दूर उडवलेला चेंडू हवेत असताना कोणाचाच नसतो. तो आपल्याला मिळेलच, याची खात्री नाही. जवळ सरकवलेला चेंडू आपल्याकडेच राहतो, परंतु तो आपल्याच गोलच्या दारात असतो. तेथे तो हरवला तर गोल होण्यास वेळ लागत नाही. मग हा धोका संघ का पत्करतात?

उत्तर साध्या मोजणीत आहे. प्रतिस्पर्ध्याचा गोलरक्षक आपला गोल उघडा टाकून पुढे येत नाही. म्हणून आपल्या गोलजवळच्या खेळात आपण अकरा असतो आणि ते जास्तीत जास्त दहा. आपल्यापैकी कोणीतरी एक जण सदैव मोकळा असतो. त्या मोकळ्या माणसाचा शोध म्हणजे बांधणी. दोन मध्य बचावपटू एकमेकांपासून दूर पसरतात. मधल्या फळीतील एक जण खाली येऊन त्यांच्यापुढे किंवा त्यांच्यामध्ये उभा राहतो. कडेचे बचावपटू रेषेला धरून वर सरकतात. ज्याच्या पायाशी चेंडू आहे त्याला किमान दोन दिशांना पास देता यावा, असे त्रिकोण मैदानभर उभे राहतात. प्रतिस्पर्धी एका अंगाला ओढला गेला की दुसऱ्या अंगाला वाट मोकळी होते. प्रेक्षकांना हे आडवे आणि मागचे पास कंटाळवाणे वाटतात, 'अरे, पुढे मार की!' अशी आरोळीही उठते. परंतु पोहरा भरून वर यायचा, तर दोर आधी खाली सोडावा लागतो.

या पद्धतीला खेळाच्या नियमांनीही वळण दिले आहे. १९९२ पूर्वी सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षक हातांनी उचलू शकत असे. त्या वर्षी तसे करण्यास बंदी आली आणि गोलरक्षकाला पायांनी खेळणे शिकावे लागले. २०१९ मध्ये आणखी एक बदल झाला. तोवर गोलकिक पेनल्टी क्षेत्राबाहेर गेल्याशिवाय सहकाऱ्याला चेंडूला स्पर्श करता येत नसे. आता तो क्षेत्राच्या आतच घेता येतो. आज गोलरक्षकाच्या दोन्ही हातांना दोन बचावपटू उभे दिसतात, त्याचे कारण हे आहे.

बांधणीत खेळाडूचे कामही बदलते. गोव्याचा मंदार राव देसाई मूळचा डाव्या बाजूचा आक्रमक खेळाडू. एफसी गोवा संघाचे स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी त्याला डाव्या बचावपटूच्या जागी आणले. वरवर पाहता हे पुढच्याला मागे ढकलणे होते. पण चढाई मागूनच बांधायची असेल, तर मागे उभ्या असलेल्यालाही चढाईची जाण हवी, हा त्यामागील विचार होता.

घेराव : साखळी धरल्याशिवाय पकड नाही

बांधणीला उत्तर म्हणजे 'प्रेसिंग'. आपण त्याला घेराव म्हणू. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेल्यावर मागे पळून आपला गोल राखण्याऐवजी त्याच्यावर तेथेच चाल करून जायचे, त्याला विचार करण्यास वेळ द्यायचा नाही आणि चेंडू त्याच्याच गोलजवळ हिसकावून घ्यायचा, ही ती पद्धत.

कबड्डी खेळलेल्यांना ती लगेच कळेल. चढाईपटू आत आला की कोपरारक्षक त्याचा घोटा धरतो. त्या क्षणी बाकीचे सहकारी झेपावले, तर पकड होते. ते एक पाऊल उशिरा आले, तर चढाईपटू कोपरारक्षकाला ओढत मध्यरेषा गाठतो. म्हणजे घोटा धरणाऱ्याचे धाडस एकट्याने पुरत नाही. इतरांनी त्याच क्षणी त्याला साथ दिली पाहिजे. फुटबॉलमधील घेरावाचा नियम हाच आहे. पुढचा एक खेळाडू चेंडूवाल्याकडे धावतो, दुसरा त्याच्या जवळच्या पासची वाट बंद करतो, तिसरा त्याहून लांबची, आणि मागची सारी फळी वर सरकून मधले अंतर कमी करते. यांपैकी एकानेही काम टाळले, तर दोन पासांत घेराव फुटतो आणि मागे सारे रान मोकळे सापडते.

घेराव केव्हा घालायचा, याच्याही खुणा ठरलेल्या असतात. प्रतिस्पर्ध्याच्या पायाशी चेंडू नीट थांबला नाही, त्याची पाठ आपल्या गोलकडे आहे, पास हळू आला आहे, चेंडू कडेच्या रेषेपाशी गेला आहे किंवा मागे दिला गेला आहे, यांपैकी एखादी खूण दिसताच सगळ्यांनी एकदम निघायचे असते. कडेची रेषा ही जणू घेराव घालणाऱ्यांचा बारावा खेळाडू असते, कारण त्या दिशेला पळून जाता येत नाही. बार्सिलोनाचे प्रशिक्षक असताना पेप गार्डिओला यांच्या संघाने पाच-सहा सेकंदांचा दंडक पाळला. चेंडू हरवताच तेवढ्या वेळात तो परत मिळवण्यासाठी तुटून पडायचे, न मिळाल्यास मागे येऊन रांग लावायची.

संघटित घेरावाचे श्रेय सहसा व्हिक्टर मास्लोव्ह यांना दिले जाते. १९६० च्या दशकात त्यांनी सोव्हिएत संघराज्यातील डायनामो कीव्ह संघाला ही रीत शिकवली. पुढे नेदरलँड्सच्या आयॅक्स संघाने आणि इटलीत आरिगो साकी यांच्या मिलान संघाने तिला धार दिली. साकी यांचा आग्रह असे की आपला सर्वांत पुढचा खेळाडू आणि बचावाची शेवटची फळी यांत पंचवीस मीटरांपेक्षा जास्त अंतर नको. हिशेब करून पाहू. २५ गुणिले ६८ म्हणजे १,७०० चौरस मीटर, सुमारे सतरा गुंठे. सत्तर गुंठे राखणे दहा जणांना अशक्य. सतरा गुंठे मात्र राखता येतात. मैदान मोठेच राहते, संघ ते आपल्यापुरते लहान करून घेतो.

अर्थात उरलेले त्रेपन्न गुंठे नाहीसे होत नाहीत. त्यांतील बरीच जागा बचावफळीच्या पाठीमागे मोकळी पडलेली असते. तिचे रक्षण ऑफसाइडचा नियम करतो. पास दिला जातो त्या क्षणी, प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात असलेला आक्रमक चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या बचाव खेळाडूच्या पलीकडे उभा असून त्याने खेळात भाग घेतला, तर तो ऑफसाइड ठरतो. बचावफळी एका रेषेत वर सरकली, तर त्यालाही वर यावे लागते. चौघांपैकी एक जण मागे रेंगाळला, तर त्याच्यामुळे आक्रमक नियमात बसतो आणि गोलची वाट उघडते. म्हणून या फळीला एकाच डोळ्याने पाहावे लागते आणि एकाच पावलाने चालावे लागते.

एका अंतिम सामन्याची साखळी

बांधणी आणि घेराव एकाच सामन्यात समोरासमोर आले, की चाहत्यांच्या चर्चेला खरे खाद्य मिळते. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे १३ मार्च २०२१ चा इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना. कोरोनामुळे तो सारा हंगाम गोव्यात, प्रेक्षकांविना झाला. त्यामुळे मुंबई सिटीच्या चाहत्यांना आपला संघ घरी बसून पडद्यावरच पाहावा लागला. लोबेरा आता मुंबईचे प्रशिक्षक होते आणि मागून बांधणी ही त्यांच्या संघाची ओळख झाली होती. त्या बांधणीचा कणा होता मोरोक्कोचा मध्यपटू अहमद जाहू. फातोर्ड्याच्या मैदानावर समोर एटीके मोहन बागान होता.

अठराव्या मिनिटाला मुंबईच्याच गोलजवळ रॉय कृष्णाने जाहूवर दबाव आणून चेंडू हिसकावला आणि डेव्हिड विल्यम्सने गोल केला. वरवर पाहणाऱ्याने निकाल दिला असता की जाहूने गोल दिला. कारणे शोधणारा चाहता तेथे थांबत नाही. तो विचारतो, जाहूकडे पास आला तेव्हा त्याला पुढे कोण मोकळा दिसत होता? त्याच्या पाठीशी प्रतिस्पर्धी आहे, हे त्याला कोणी ओरडून सांगितले का? ज्याने त्याला पास दिला, त्याच्यासमोर दुसरा पर्याय होता का? या प्रश्नांची उत्तरे मिळवताना ध्यानात येते की मागून बांधणी करणाऱ्या संघाने हा धोका जाणूनबुजून स्वीकारलेला असतो. त्याच पद्धतीने मुंबईने साखळी फेरीत अव्वल स्थान आणि लीग शिल्ड मिळवली होती. पद्धतीचे फळ घ्यायचे, तर तिची किंमतही पद्धतीच्या खात्यावर लिहिली पाहिजे, एका खेळाडूच्या नव्हे.

एकोणतिसाव्या मिनिटाला त्याच जाहूने बिपिन सिंगच्या दिशेने लांब चेंडू टाकला. तो अडवताना बागानच्या तिरीचे डोके लागून चेंडू त्याच्याच संघाच्या गोलमध्ये गेला आणि बरोबरी झाली. घेराव घालण्यासाठी पुढे आलेल्या संघाच्या मागे मोकळी जागा राहते, असे आपण वर म्हटले. लांब पास त्या जागेसाठी असतो. नव्वदाव्या मिनिटाला मुंबईचा आणखी एक लांब चेंडू आला. बागानचा गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य तो काढण्यासाठी पुढे सरसावला, पण चेंडू त्याला नीट बाहेर काढता आला नाही. बार्थोलोम्यू ओग्बेचेने तो बिपिनकडे वळवला आणि बिपिनने मोकळ्या गोलमध्ये धाडला. मुंबईने सामना २–१ असा जिंकून आपले पहिले अजिंक्यपद मिळवले.

या सामन्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की जवळच्या पासांसाठी नावाजलेल्या संघाची बरोबरी आणि विजय, दोन्ही लांब पासांतून आले. कोणतीही पद्धत कर्मकांड म्हणून पाळली तर ती पंगू होते. समोरची परिस्थिती पाहून तिचा वापर करावा लागतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्या हंगामातील उत्कृष्ट गोलरक्षकासाठीचा 'गोल्डन ग्लोव्ह' पुरस्कार याच अरिंदम भट्टाचार्य यांना मिळाला. शेवटच्या क्षणावरून त्यांची परीक्षा करणाऱ्याला हंगामभराचे काम दिसणारच नाही.

कोल्हापूरच्या पायऱ्यांवर

अशी चर्चा केवळ पडद्यावरच्या संघांविषयी होते, असे मात्र नाही. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी, प्रॅक्टिस क्लब ही तेथील संघांची नावे. त्यांतील कित्येकांच्या नावात 'तालीम' आहे, कारण कुस्तीच्या आखाड्यांभोवती जमलेल्या पेठांमधून हा खेळ वाढला. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आपापल्या पेठेचे चाहते हजारोंच्या संख्येने बसतात. समोर खेळणारा मुलगा आपल्या गल्लीतला, त्याचे वडीलही कदाचित त्याच संघातून खेळलेले. त्याचा डावा पाय कच्चा आहे, तो उत्तरार्धात दमतो, हे पायऱ्यांवरच्या माणसाला प्रशिक्षकाइतकेच ठाऊक असते. असे जिव्हाळ्याचे ज्ञान कोणत्याही वाहिनीवर मिळणार नाही.

त्याच जिव्हाळ्याला दुसरी बाजूही आहे. आपलेपणा जितका गाढ, तितका पराभवाचा चटका मोठा. समर्थकांच्या हुल्लडबाजीने सामन्यांना गालबोट लागल्याचे प्रसंगही तेथे घडले आहेत. संतापाला नेहमी एक चेहरा हवा असतो: पंचाचा, गोलरक्षकाचा किंवा समोरच्या पेठेचा. कारण शोधणाऱ्याला चेहऱ्याची गरज नसते. त्याला चेंडूचा प्रवास पुरतो.

याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. त्या स्पर्धेत ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने ८२ व्या मिनिटाला हेडरने गोल केला. फिफाच्या विश्वचषक स्पर्धेतील भारताचा तो पहिलाच गोल. सारे मैदान जल्लोषात असतानाच पुढच्या मिनिटाला कोलंबियाने पुन्हा गोल केला आणि सामना १–२ असा गेला. ती चित्रफीत आपल्या मुलांनी आवर्जून पाहावी, असे आम्हांला वाटते. मात्र पाहताना 'कोण चुकला?' असे न विचारता 'खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा आपले अकरा जण कोठे उभे होते, आणि त्यांच्यामधले अंतर किती होते?' असे विचारावे. आनंदाच्या क्षणीही रचना सुटू न देणे किती अवघड असते, हे त्यातून कळेल.

एक वही आणि तीन सवयी

ही नजर मिळवण्यासाठी फार काही लागत नाही. नागपुरात निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतील मुले पाहिली आणि २००१ मध्ये 'स्लम सॉकर'चे काम उभे राहिले. त्या कथेवर 'झुंड' हा चित्रपट २०२२ मध्ये आला. तो काढणारे नागराज मंजुळे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील, करमाळा तालुक्यातील जेऊरचे. त्यातील आंबेडकर जयंतीचे दृश्य आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. फुटक्या बादलीवर खेळ सुरू होऊ शकतो, तर खेळाचा अभ्यास एका वहीवर नक्कीच होऊ शकतो. त्यासाठी तीन सवयी आम्ही सुचवतो.

पहिली सवय: सामन्यातील पाच मिनिटे चेंडूकडे पाहू नये. एकच खेळाडू निवडावा, शक्यतो मधल्या फळीतला, आणि चेंडू त्याच्याकडे नसताना तो काय करतो ते पाहावे. तो किती वेळा मान वळवून मागे पाहतो, सहकारी पुढे गेला की त्याची जागा भरतो का, हे टिपावे. मैदानाच्या कडेला बसून पाहणाऱ्या मुलांना हे पडद्यापेक्षा चांगले दिसते, कारण तेथे कॅमेऱ्याची बंधने नसतात.

दुसरी सवय: पास मोजावेत. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना आपल्या संघाने तो हिसकावण्याचा, अडवण्याचा प्रयत्न करेपर्यंत किंवा फाउल करेपर्यंत त्यांचे किती पास झाले, ते लिहावे. तज्ज्ञ ज्याला 'पीपीडीए' म्हणतात, तो आकडा याच मोजणीतून निघतो. फक्त ते आपल्या गोलजवळचा सुमारे चाळीस टक्के भाग सोडून उरलेल्या मैदानातील पास आणि प्रयत्न तेवढे मोजतात. एकूण पासांना प्रयत्नांच्या संख्येने भागायचे. समजा, प्रतिस्पर्ध्याचे १२० पास झाले आणि आपण १५ वेळा अडवण्याचा प्रयत्न केला, तर उत्तर ८ येते. आकडा जितका लहान, तितका घेराव कडक. पूर्वार्धात ८ आणि उत्तरार्धात १६ आला, तर संघ दमला किंवा मागे हटला, हे कोणावर ओरडल्याशिवाय कळते. भागाकार शिकणाऱ्या मुलाला यापेक्षा रोचक उदाहरण कोणते मिळणार?

तिसरी सवय: गोल झाला की मागे जावे. गोलच्या आधीचा पास कोणी दिला, त्याआधीचा कोणी, आणि चेंडू मुळात कोठे हरवला, ते उलट्या क्रमाने लिहावे. चार-पाच पायऱ्या मागे गेल्यावर बहुतेक वेळा एखादी साधी गोष्ट हाती लागते. कोणीतरी परत धावला नाही, दोघांच्या मधले अंतर वाढले, कोणी हाक दिली नाही. गोलरक्षक त्या साखळीतील शेवटचा दुवा असतो. सर्वांना दिसणारा तोच असल्यामुळे बोट त्याच्याकडे जाते.

दोष आणि कारण

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त मांडला. कोणतीही घटना एकाकी घडत नाही, ती अनेक कारणांच्या आधाराने घडते आणि ती कारणे बदलली तर घटनाही बदलते, असा त्याचा आशय आपण वंदनेनंतरच्या प्रवचनांत अनेकदा ऐकला आहे. दुःखाच्या मुक्तीसाठी सांगितलेला हा गंभीर विचार एका खेळापुरता मर्यादित करण्याचा आमचा मानस नाही. परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलाला तो प्रथम कोठे अनुभवास येईल, असे विचारले तर खेळाचे मैदान हे एक चांगले ठिकाण आहे, असे आम्ही म्हणू.

निवासी शाळेत तर याला विशेष महत्त्व आहे. घरून शाळेत येणारा मुलगा सामना हरला, तरी संध्याकाळी आईजवळ जातो. वसतिगृहातील मुलगा ज्यांच्यासमोर हरला त्यांच्याच पंगतीत जेवतो आणि त्यांच्याच शेजारी झोपतो. 'तुझ्यामुळे हरलो' हे वाक्य त्याच्यासाठी शिट्टीबरोबर संपत नाही. ते रात्रभर त्याच्या उशाशी राहते. अशी दोन-चार वाक्ये ऐकलेला मुलगा पुढच्या वेळी मैदानावर येण्याऐवजी कडेला बसणे पसंत करतो. त्याने पत्करलेला धोका संघाच्या पद्धतीचा भाग होता, हे त्याला कोणी सांगितले असते, तर कदाचित तोच पुढे उत्तम गोलरक्षक झाला असता.

कारण शोधणे म्हणजे जबाबदारी टाळणे नव्हे. ज्याने परत धावायला हवे होते त्याला ते सांगितलेच पाहिजे. मात्र दोष माणसाला चिकटतो आणि तेथेच राहतो, तर कारण दुरुस्त करता येते. 'तू नालायक' याला उत्तर नसते. 'तुझ्यात आणि डाव्या बचावपटूत वीस पावलांचे अंतर पडले होते' याला उत्तर असते, आणि ते उद्याच्या सरावात देता येते. चांगल्या चाहत्याची आणि चांगल्या शिक्षकाची भाषा येथे एक होते.

म्हणून शाळेच्या पुढील क्रीडा महोत्सवात मैदानाच्या कडेला एक वही ठेवावी, असे आम्ही माजी विद्यार्थ्यांना, पालकांना आणि शिक्षकांना सुचवतो. फुटबॉलच नव्हे, कबड्डी आणि खो-खोच्या सामन्यांनाही ती चालेल. त्या त्या वेळी राखीव असलेल्या मुलांनी ती लिहावी, म्हणजे कडेला बसणेही संघाचेच काम ठरेल. वहीत रकाने हवे तेवढे आखावेत: वेळ, जागा, चेंडू कोठे हरवला, आधीचे पास किती, पुढच्या सरावात काय करायचे. 'दोष कोणाचा' हा रकाना मात्र तीत नसावा.